जबड्यातील व हिरड्यांवरील अस्थिजनक गाठी : निदान व उपचार



तोंडात एखादी गाठ जिभेला किंवा बोटाला लागली, की मनात पहिली शंका येते ती कर्करोगाची. तंबाखू, मिश्री व गुटखा यांचे व्यसन ज्या समाजात खोलवर रुजले आहे, तेथे ही शंका अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु भीतीपोटी कोणी गाठ लपवून ठेवतो, तर कोणी ती अजाण माणसाच्या हातून कापून घेतो. हे दोन्ही मार्ग घातक होत. जबड्यात व हिरड्यांवर उद्भवणाऱ्या कित्येक गाठी सौम्य असतात आणि त्यांपैकी काहींमध्ये हाड तयार होत असते. त्यांचे स्वरूप समजून घेतल्यास भीती व हेळसांड दोन्ही टळतील.

उपचाराची गरज नसलेले उंचवटे

टाळूच्या मध्यरेषेवर, अथवा खालच्या जबड्याच्या जिभेकडील बाजूस हाडाचे टणक उंचवटे काही जणांना असतात. त्यांना टोरस म्हणतात. ते अतिशय सावकाश वाढतात व दुखत नाहीत. कवळी बसविताना अडथळा आला, किंवा वरची त्वचा वारंवार सोलली जाऊ लागली, तरच ते काढावे लागतात. एरवी रुग्णाला धीर देणे हाच उपचार होय.

हिरडीवरील गाठ

दोन दातांमधील हिरडीवर, विशेषतः पुढच्या दातांजवळ, कधी कधी गुलाबी वा तांबूस गाठ उगवते. ती बहुधा किशोरवयात व तरुणपणी, आणि मुलींमध्ये अधिक आढळते. दातांवरील कीटण व सततचा क्षोभ यांचा तिच्याशी संबंध असतो. तिच्या तंतुमय ऊतकात हाडाचे कण तयार होतात. अशी गाठ केवळ वरवर कापल्यास पुन्हा उद्भवते. म्हणून शल्यचिकित्सक ती अस्थिवेष्टनापर्यंत मुळासकट काढतो व दातांच्या मुळांवरील कीटण खरवडून स्वच्छ करतो. एवढे करूनही काही रुग्णांत ती परतते. त्यामुळे पुढील तपासण्या चुकविणे योग्य नव्हे.

हाडाच्या आतील विकार

हाडाच्या आत वाढणाऱ्या विकारांचे निदान अधिक कठीण असते. अस्थिजनक तंत्वर्बुदाची कडा क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसते; ते सभोवतालच्या हाडापासून वेगळे करून संपूर्ण काढता येते. उलट तंतुमय अस्थिविकृतीत हाड घासलेल्या काचेप्रमाणे धूसर दिसते व विकाराची सीमा निरोगी हाडात मिसळून जाते. शरीराची वाढ पूर्ण झाल्यावर हा विकार बहुधा स्थिरावतो. त्यामुळे शक्य असेल तेथे तोपर्यंत थांबून चेहऱ्याचा आकार तेवढा सुधारला जातो. या विकारात किरणोपचार देत नाहीत, कारण त्यामुळे मारक अर्बुद उद्भवण्याचा धोका वाढतो.

तिसरा विकार मध्यमवयीन स्त्रियांमध्ये, खालच्या पुढच्या दातांच्या मुळांशी आढळतो. क्ष-किरण चित्रात तो प्रथम पू झाल्यासारखा भासतो. पण दात जिवंत असतात. थंड पदार्थ लावून दाताची संवेदना तपासली, तर दात उगाच उपटला जाण्याचे वा त्याच्या मुळावर अनावश्यक उपचार होण्याचे टळते.

जबड्यात हाडाच्या अनेक गाठी एकाच वेळी दिसल्या, तर मात्र आतड्याची तपासणी अगत्याची ठरते. अमेरिकन आनुवंशिकी शास्त्रज्ञ एल्डन गार्डनर यांनी १९५० च्या दशकात वर्णन केलेल्या आनुवंशिक विकारात अशा गाठींबरोबर मोठ्या आतड्यात असंख्य मोड येतात आणि उपचार न झाल्यास त्यांतून कर्करोग होतो. जबड्यातील गाठी आतड्याच्या तक्रारींपूर्वीही दिसू शकतात. दंतवैद्याच्या सावध नजरेने अशा वेळी रुग्णाचे प्राण वाचू शकतात.

निदानाची त्रिसूत्री

यांतील काही विकार सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखेच दिसतात. म्हणून केवळ ऊतकाच्या तुकड्यावरून निर्णय करीत नाहीत. रुग्णाचे वय व लक्षणे, क्ष-किरण अथवा सीटी चित्र आणि ऊतकपरीक्षा या तिन्हींचा मेळ घातल्यावरच निदान पक्के होते. काढलेली प्रत्येक गाठ तपासणीसाठी पाठविली गेली पाहिजे. ती टाकून देणे म्हणजे निदानच टाकून देणे होय.

गावपातळीवरील कर्तव्य

दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, झपाट्याने वाढणारी गाठ, खालच्या ओठाचा बधिरपणा, अकारण हलणारा दात, ही लक्षणे दिसताच विलंब न करता तपासणी करून घ्यावी. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत अशा रुग्णांची तपासणी व उपचार होतात. विद्यार्थ्याचा गाल एका बाजूने फुगत चालल्याचे शिक्षकांच्या सहज ध्यानात येऊ शकते. पंचायत सदस्यांनी अशा कुटुंबास रुग्णालयाचा रस्ता दाखविला, तर गाठ सौम्य असल्यास घरातील चिंता मिटेल आणि ती तशी नसल्यास उपचाराचा मोलाचा काळ हाती राहील.