सतरा दिवस



ऐंशी उलटलेल्या माणसाला व्यासपीठावर बोलावले म्हणजे तो आठवणी सांगणार, हे चालकांनी गृहीतच धरलेले असते. आम्ही त्यांची निराशा करणार नाही. मात्र आजच्या आठवणीत आमची शोभा फारशी नाही.

२०२० साली पाडव्याच्याच दिवशी, २५ मार्चला, देशभर टाळेबंदी सुरू झाली. पुढे मुलगा एका खोलीत कचेरी चालवी, नात दुसऱ्या खोलीत मोबाइलवर शाळा भरवी, आणि आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी बसून भाजी निवडत असू. कामाच्या बाई येईनात, तेव्हा भांडी आमच्या वाट्याला आली. कुरबुरी झाल्या, पण घर नांदते होते.

सप्टेंबरात आम्हांला ताप भरला आणि तपासणीत करोना निघाला. डॉक्टरांनी घरीच राहण्याची मुभा दिली. त्या वेळच्या नियमाप्रमाणे दहा दिवस अलग आणि पुढे सात दिवस जपून, असे सतरा दिवस आम्ही मागच्या खोलीत काढले. सून ताट दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवी, मागे सरे आणि मग हाक मारी. पेला निराळा, अंथरूण निराळे, कपडे निराळे भिजत. नात उंबऱ्याकडे धावली की कोणीतरी ओरडे, "शिवू नकोस आजोबांना!"

त्या शब्दासरशी सत्तर वर्षांपूर्वीचे घर डोळ्यांपुढे उभे राहिले. महिन्यातले तीन दिवस आई कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत घोंगडीवर बसे. तिचे तांब्याभांडे निराळे. आणि आम्ही धावलो की हाच शब्द. पुढे १९६८ साली आमचे लग्न झाले आणि त्याच खोलीत आमच्या सौभाग्यवती बसू लागल्या. आम्ही तेव्हा शाळेत शास्त्र शिकवीत होतो. वर्गात शरीराचे धर्म समजावून सांगत होतो. घरी मात्र आईला कसे दुखवावे, म्हणून गप्प होतो. हे दहा वर्षे चालले. वर्षाचे ३६ दिवस धरले, तर दहा वर्षांत जवळजवळ एक सबंध वर्ष होते. हा हिशेब करायला आम्हांला खोलीत कोंडून घ्यावे लागले.

बाहेर आलो त्या सकाळी सौभाग्यवतींनी चहाचा कप हातात दिला. आम्ही चुकलो, असे त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "तुमच्या खोलीला खिडकी होती." आणि आत गेल्या.

या पुण्याने १८९७ चा प्लेगही पाहिला आहे. त्या साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्चला निवर्तल्या. शिवू नये असे सांगायला तेव्हा खरेखुरे कारण होते, तरी त्या रोग्यांजवळ गेल्या. आमच्या घरात काहीच कारण नव्हते, तरी आम्ही दूर राहिलो. गावकुसाबाहेर तर माणसांना पिढ्यान्‌पिढ्या असेच दूर ठेवले गेले.

आमचे सतरा दिवस रोगाने मागितले, ते संपले. ते वर्ष आम्ही मागितले होते, आणि ते परत करता येत नाही. आपल्या घरी कोणी वडीलधारी बाई असतील, तर आज त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्या खोलीला खिडकी होती का, एवढे विचारा. उत्तर मात्र शेवटपर्यंत ऐकून घ्या.