माकडताप : एका नावाचा विचार



मराठीच्या अध्यापकाने विषाणूंवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु रोगाला नाव देते ती भाषाच. आणि नाव पडले की दोषही कोणाच्या तरी माथी बसतो.

1957 साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांतील माणसे तापाने अंथरुणाला खिळली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू शोधून काढला. लोकांच्या तोंडी नाव रुळले ते मात्र माकडताप. 2016 मध्ये हाच ताप सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आला.

नावावरून वाटते, रोग माकडाने दिला. वस्तुतः माकडही त्याचे बळीच. विषाणू वाहून नेते ती गोचीड. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी पाचोळ्यात उतरतात आणि सरपण, पाला वा काजू गोळा करायला गेलेल्या माणसाला चावतात. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही.

आपल्या गुजरातचा अनुभव निराळा आहे. जानेवारी 2011 मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील साणंद तालुक्यात काँगो तापाचे निदान झाले. भारतातील ही पहिली खात्रीची नोंद. तो विषाणू रुग्णाच्या रक्तातूनही पसरतो. म्हणून शुश्रूषा करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावल्या. येथेही वाहक गोचीडच. परंतु गाई, म्हशी, शेळ्या यांच्या रक्तात विषाणू असला तरी त्या आजारी दिसत नाहीत. माकड मरून इशारा देते. गाय काहीच सांगत नाही. शिवाय ‘काँगो’ हे नाव ऐकून आपला पशुपालक समजतो, हे दुखणे दूरदेशीचे!

एक नाव मुक्या प्राण्याला आरोपी ठरवते, दुसरे परक्या भूमीला. दोन्ही नावांत गोचीड निसटते, आणि रानात व गोठ्यात वावरणारे आपण स्वतःही निसटतो. म्हणून नावापलीकडची वाट ओळखली पाहिजे. रानात मेलेले माकड दिसले, तर हात न लावता आरोग्यकेंद्राला कळवावे. जनावरांच्या गोचिडी उघड्या हाताने काढू अगर चिरडू नयेत. तापाच्या रुग्णाने आपण रानात वा गोठ्यात गेलो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

शब्द वापरावा, पण त्याचा अर्थ तपासून, ही शिकवण ज्यांनी दिली त्या गुरुवर्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.