बर्फ सुटेपर्यंतचं काम

समुद्रावरच्या पराक्रमांचा हिशोब आपण फार सोप्या मापाने करतो. किती मैल कापले आणि किती दिवसांत कापले, एवढंच विचारतो. डेव्हिड स्कॉट कूपर या इंग्रज दर्यावर्दीच्या नावावर या मापात बसणारे दोन उत्तम आकडे आहेत. 1979-80 मध्ये ‘ओशन बाउंड’ या शिडाच्या बोटीतून त्याने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, 225 दिवसांत. 1981-82 मध्ये तीच प्रदक्षिणा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने केली, 237 दिवसांत. दोन्ही त्या काळचे विक्रम होते. याच माणसाने जुलै 1986 मध्ये न्यूकॅसलहून पुन्हा एकट्याने बोट हाकारली, ती कॅनडाच्या उत्तरेकडून, वायव्य मार्गाने पॅसिफिकमध्ये उतरण्यासाठी. बेरिंग सामुद्रधुनी गाठायला 1989 चा उन्हाळा उजाडला. साऱ्या जगाला फेरी घालायला आठ महिनेही न लागलेला माणूस एका खंडाचं डोकं ओलांडायला चार उन्हाळे घेतो, तेव्हा ऐकणारा साहजिकच म्हणतो, की प्रवास रखडला. माझं आजचं म्हणणं या शब्दाविरुद्ध आहे. आर्क्टिकमध्ये, आणि विशेषतः एकट्या माणसाच्या बाबतीत, दोन मोसमांच्या मधलं काम हाच प्रवासाचा गाभा असतो. बोट पाण्यावर चालते ते दिवस त्या कामाचं फळ असतं.

हे पटायला तिथलं पंचांग समजून घेतलं पाहिजे. आपल्या कोकणपट्टीवर जून-जुलैत समुद्र बंद असतो. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात, इंजिनं खोलतात, जाळी दुरुस्त करतात आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्या पुन्हा खुला होतो. म्हणजे वर्षातले थोडे आठवडे बंद आणि बाकी चालू. कॅनडाच्या आर्क्टिक द्वीपसमूहात हे गणित अगदी उलटं आहे. वर्षातला बहुतेक काळ बंद आणि ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचे काही आठवडे चालू, तेही बर्फाच्या मर्जीने. मार्गाचा मधला भाग सगळ्यात अडचणीचा. पील साउंड आणि फ्रँकलिन सामुद्रधुनीत वायव्येकडून जुना, अनेक हिवाळे न वितळलेला, जाड आणि टणक बर्फ सरकत येतो. तो वितळेल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नसतो. वाऱ्याने तो बाजूला ढकलला तरच वाट मिळते. वारा दोन दिवस उलट वाहिला की काल मोकळं असलेलं पाणी आज गच्च भरलेलं दिसतं. आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात नवा बर्फ धरू लागला, की वर्षाचा हिशोब संपला. अशा ठिकाणी ‘किती दिवसांत?’ हा प्रश्नच खलाशाला लागू होत नाही, कारण दिवस त्याच्या हातात नसतात. बर्फ सुटेल त्या आठवड्यात आपली बोट चालण्याजोगी असली पाहिजे, एवढंच त्याच्या हातात असतं.

पूर्वेकडून येणाऱ्याला या मधल्या भागात शिरायला एक चिंचोळी फट आहे, बेलो सामुद्रधुनी. लांबी जेमतेम पंचवीस किलोमीटर, अरुंद जागी रुंदी एखाद-दीड किलोमीटर, आणि भरती-ओहोटीची ओढ इतकी जबर, की लहान बोटीचं इंजिन त्याच्यापुढे टिकत नाही. दक्षिण काठावर झेनिथ पॉइंट आहे. अमेरिका खंडाच्या मुख्य भूमीचं ते सर्वांत उत्तरेचं टोक. पूर्वेच्या तोंडाशी हडसन बे कंपनीने 1937 मध्ये फोर्ट रॉस नावाचं व्यापारी ठाणं उघडलं. पूर्वेकडून येणारं जहाज आणि पश्चिमेकडून येणारं जहाज इथे भेटतील, माल इकडचा तिकडे जाईल, असा बेत होता. 1942 आणि 1943 अशी लागोपाठ दोन वर्षं रसद घेऊन येणारं जहाज बर्फामुळे पोचू शकलं नाही. शेवटी विमान पाठवून तिथल्या माणसांना बाहेर काढावं लागलं. 1948 मध्ये कंपनीने ठाणं कायमचं बंद केलं. पैसा, माणसं आणि जहाजं हाताशी असलेल्या कंपनीने जिथे हात टेकले, त्याच जागी 1986 च्या उन्हाळ्याअखेर कूपरची बोट अडकली. अडीचशे किलोमीटरांच्या आत तिथे कायमची वस्ती नाही.

ही बोट म्हणजे ‘मेबल ई. हॉलंड’. मुळात ती इंग्लंडच्या डंजनेस किनाऱ्यावरची 42 फुटी, लाकडी, इंजिनावर चालणारी जीवरक्षक नौका. 1957 ते 1979 अशी बावीस वर्षं बुडणाऱ्यांना वाचवण्याच्या कामावर असलेली. निवृत्त झाल्यावर कूपरने ती घेतली. 1986 मध्ये बोट फोर्ट रॉसलाच ठेवून तो हिवाळ्यात घरी गेला. पुढच्या वर्षी परतला तेव्हा बोटीत पाणी शिरलेलं होतं. हे कसं होतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं. इंजिनाच्या थंडाव्याच्या नळीत किंवा एखाद्या झडपेत ओंजळभर पाणी जरी राहिलं, तरी ओतीव लोखंड तडकतं. शिवाय ते कळत नाही, कारण भेगेत बर्फच बुचासारखा बसलेला असतो. कळतं ते वसंतात, बर्फ वितळल्यावर. बॅटऱ्यांचंही तसंच. पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी उणे पन्नास अंशांतही गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपासच गोठून फुटते. म्हणजे बोट सोडून जाण्याच्या शेवटच्या दिवसांत माणसाने नळ्या किती निगुतीने रिकाम्या केल्या आणि बॅटऱ्या भरल्या की नाही, यावर पुढच्या उन्हाळ्याचं भवितव्य ठरतं. आणि एवढं करूनही वसंतातलं वितळलेलं पाणी आपली वाट शोधतंच. कूपर पेशाने इमारतींची पाहणी करणारा सर्व्हेअर. ओल कुठून येते आणि तडा कुठे संपतो हे शोधण्यावर ज्याची रोजीरोटी, अशा माणसाला ते काम परकं नसावं, असं मला वाटतं. बोट उपसून, दुरुस्त करून तो उभा राहिला, तरी 1987 मध्ये वाट मिळाली नाही. दुसरा हिवाळाही फोर्ट रॉसलाच. 1988 मध्ये तो पश्चिमेकडे सरकला आणि मॅकेन्झी नदीच्या मुखाकडल्या इनुविकला तिसरा हिवाळा काढला. 1989 मध्ये बेरिंग सामुद्रधुनी ओलांडली आणि सप्टेंबर 1990 मध्ये बोट न्यूकॅसलला परतली. वायव्य मार्गातून एकट्याने जाऊन पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा तो पहिला माणूस ठरला.

मधल्या काळाचं काम म्हणजे नुसती डागडुजी, असं मात्र कोणी समजू नये. याच सामुद्रधुनीच्या तोंडाशी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्सिस लिओपोल्ड मॅक्लिंटॉक अडकला होता. वायव्य मार्ग शोधायला जाऊन बेपत्ता झालेल्या सर जॉन फ्रँकलिनच्या शोधासाठी लेडी फ्रँकलिनने ‘फॉक्स’ नावाची लहान वाफेची बोट विकत घेऊन त्याला 1857 मध्ये पाठवलं. पहिला हिवाळा बॅफिन उपसागरातल्या तरंगत्या बर्फात अडकून गेला. सुमारे आठ महिने बर्फ बोटीला दक्षिणेकडे, म्हणजे आल्या वाटेने मागे, वाहवत राहिला. सुटका होताच मॅक्लिंटॉक पुन्हा उत्तरेकडे वळला. 1858 च्या उन्हाळ्यात त्याने बेलोतून पलीकडे निघण्याचा वारंवार प्रयत्न केला. पश्चिमेच्या तोंडापर्यंत पोचला, पण पुढे बर्फ. बोटीचा प्रवास तिथे संपला. मग 1859 च्या वसंतात त्याने घसरगाड्यांच्या तुकड्या काढल्या, आणि मे महिन्यात त्याचा सहकारी हॉब्सन याला किंग विल्यम बेटावर तो प्रसिद्ध कागद सापडला. फ्रँकलिन 11 जून 1847 रोजी वारला आणि 105 जण जहाजं सोडून चालत निघाले, हे जगाला त्या एका कागदाने कळवलं. ‘फॉक्स’ला वाट मिळाली असती तर कदाचित ती पुढे निघूनही गेली असती. मोहिमेने जे साधलं, ते बोट अडकलेली असताना साधलं. रोआल्ड अमुंडसेनचंही तेच. वायव्य मार्ग पहिल्यांदा जहाजाने ओलांडणारा म्हणून त्याचं नाव घेतात. पण ‘योआ’ ही त्याची बोट 1903 ते 1905 अशी दोन वर्षं किंग विल्यम बेटावर एकाच खाडीत उभी होती. तिथे त्याने चुंबकीय ध्रुव आपल्या जुन्या जागेवरून सरकल्याचं निरीक्षणांनी दाखवलं आणि नेत्सिलिक लोकांकडून थंडीत जगण्याची विद्या घेतली. पुढे दक्षिण ध्रुवावर ती त्याच्या कामी आली.

इथे कोणी फ्रँकलिनचंच उदाहरण पुढे करील, आणि ते करायलाच हवं. थांबणं हीच विद्या असेल, तर फ्रँकलिनची माणसंही थांबलीच होती. 1846 च्या सप्टेंबरात जहाजं बर्फात अडकली आणि त्यांनी एप्रिल 1848 पर्यंत वाट पाहिली. मोहिमेतल्या 129 जणांपैकी एकही परतला नाही. हा आक्षेप माझ्या म्हणण्याच्या मुळाशी जातो. थांबण्यात स्वतःहून काहीच पुण्य नाही. दोन मोठी जहाजं, एवढी माणसं आणि डबाबंद अन्न घेऊन गेलेल्या त्या मोहिमेला आजूबाजूच्या भूमीवर जगता आलं नाही. इतक्या तोंडांना पुरेल एवढी शिकार त्या भागात होतही नव्हती. अमुंडसेन सहा साथीदार घेऊन गेला होता, आणि तो विचार करून. म्हणून मी ‘थांबणं’ म्हणत नाही, ‘मधलं काम’ म्हणतो. ज्याला थांबण्याच्या काळात करण्याजोगं काम उरतं आणि ते करण्याची ताकद उरते, त्यालाच बर्फ दुसरी संधी देतो.

दुसरा आक्षेप सागरी शिस्तीच्या काटेकोर मंडळींचा. हिवाळ्यात विमानाने घरी जाऊन उन्हाळ्यात परत येणं याला एकट्याचा प्रवास म्हणायचं का? 1977 मध्ये बेल्जियमचा विली द रोस ‘विलिवॉ’ या शिडाच्या बोटीतून एकाच मोसमात हा मार्ग पार करून गेला; मग त्याच्यापुढे कूपर उणा नाही का? मान्य करायला हरकत नाही, की द रोसचा प्रवास सलग होता आणि कूपरचा नव्हता. परंतु त्या वर्षी बर्फाने द रोसला वाट दिली, हेही तितकंच खरं. जिथे दोघांचीही परीक्षा बर्फ घेतो, तिथे प्रश्नपत्रिका दरवर्षी वेगळी असते. वायव्य मार्गाच्या पारगमनांची जी यादी केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटशी जोडलेले अभ्यासक ठेवत आले, तीत कोणत्या बोटीने कुठे हिवाळा काढला हेही नोंदवतात. कोणी बाद होत नाही. ही पद्धत मला शहाणपणाची वाटते. हेन्री लार्सनच्या ‘सेंट रॉक’ या कॅनडाच्या पोलीस बोटीला पश्चिमेकडून पूर्वेला जायला 1940 ते 1942 एवढा काळ लागला, आणि 1944 मध्ये परतीचा मार्ग तिने 86 दिवसांत कापला. लोक दुसऱ्या आकड्याचं कौतुक करतात. मध्यंतरी बोटीत दीडशेच्या जागी तीनशे अश्वशक्तीचं इंजिन बसवलं होतं, हे सहसा कोणी सांगत नाही. गोठलेल्या हिवाळ्यांत लार्सन रिकामा बसला नव्हता, हेही कोणी सांगत नाही. घसरगाडीवरून शेकडो मैल फिरून तो पोलिसाची कामं, अगदी शिरगणतीसुद्धा, करत होता. राहिला ‘एकट्याचा’ हा शब्द. तो नेहमीच थोडा सैल असतो. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, आपले दिलीप दोंदे, 2009 च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून निघाले आणि 2010 च्या मे महिन्यात परतले. पण त्यांची ‘म्हादई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली, आणि ही तयारी 2006 पासून चालू होती. सुकाणूवर एकटा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ, आणि कूपर त्यात पूर्ण बसतो.

तिसरा आक्षेप आजचा आहे, आणि सगळ्यात वजनदार. हे सारं जुनं झालं, आता बर्फच उरला नाही, असं लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे. सप्टेंबर 2012 मध्ये आर्क्टिकच्या समुद्री बर्फाचं क्षेत्र उपग्रहांच्या नोंदीतलं सर्वांत कमी झालं. वायव्य मार्ग एका उन्हाळ्यात पार करणाऱ्या लहान बोटी आता विरळ राहिलेल्या नाहीत. पण सरासरी घटली म्हणजे प्रत्येक वर्ष सोपं झालं, असा अर्थ काढणं धोक्याचं आहे. उलट, सैल झालेला जुना बर्फ अरुंद मार्गांत अधिक सहज उतरू शकतो. 2018 चा उन्हाळा मधल्या भागात वाईट गेला. त्या ऑगस्टअखेर ‘अनाहिता’ नावाची शिडाची बोट याच बेलो सामुद्रधुनीजवळ बर्फात चिरडून बुडाली. दोघे खलाशी बर्फाच्या लादीवर उतरले, आणि तटरक्षक दलाच्या ज्या जहाजाच्या हेलिकॉप्टरने त्यांना उचललं, त्याचं नाव ‘हेन्री लार्सन’. अशा सुटकेचा भार सरकारी जहाजांवर पडतो. दुसऱ्याच्या जिवावर साहस का, हा प्रश्न त्यातूनच येतो आणि तो रास्त आहे. त्याचंही उत्तर मला मधल्या कामातच दिसतं. ज्याने आपल्या बेतात एक हिवाळा आधीच धरलेला आहे, तो शेवटच्या फटीत घुसत नाही. याच मोसमात पार व्हायचं अशी सक्ती ज्याने स्वतःवर लादून घेतली, तो घुसतो.

कूपरने पुढे ‘पोलर बाउंड’ नावाची बोट बांधून घेतली: 48 फुटी, ॲल्युमिनियमची, बर्फाचा दाब सोसेल अशा मजबूत सांगाड्याची. तिलाही याच मार्गावरच्या केंब्रिज बे इथे हिवाळा काढावा लागला. 2012 च्या त्याच कमी बर्फाच्या उन्हाळ्यात एका साथीदाराला घेऊन तो तिच्यातून मॅक्ल्युअर सामुद्रधुनीमार्गे, म्हणजे वायव्य मार्गाच्या सगळ्यात उत्तरेच्या आणि सगळ्यात अवघड वाटेने, पार गेला. फोर्ट रॉसला बोट अडकली त्याला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती.