घर बदलले तरी मूळ तुटू नये
(उधवा, ता. तलासरी येथील भाषणाचा मजकूर)



पोरक्या मुलाला घर मिळाले की समाजाचे कर्तव्य संपले, अशी समजूत सुशिक्षित वर्गात रूढ आहे. घर मिळणे ही मोठीच गोष्ट आहे. उत्तमातला उत्तम अनाथाश्रमही साध्या कुटुंबाची बरोबरी करू शकत नाही. परंतु मूल एका समाजात जन्मलेले आणि घर दुसऱ्या, अधिक बलिष्ठ समाजाचे, अशी स्थिती असते तेव्हा प्रश्न केवळ मायेचा राहत नाही. वारल्यांच्या या मुलखात त्याचा विचार होणे म्हणूनच अगत्याचे आहे.

या प्रश्नावर सर्वाधिक वाद अमेरिकेत झाला. तेथे आईबापांपासून दूर झालेली मुले सरकारच्या वतीने प्रतिपालक कुटुंबांत तात्पुरती ठेवली जातात आणि परतीची वाट बंद झाली म्हणजे दत्तक दिली जातात. गोऱ्या घरांत काळी मुले देण्यास १९७२ साली काळ्या समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेने कडाडून विरोध केला. वर्णद्वेषाला तोंड कसे द्यावे, हे त्या मुलाला गोऱ्या घरात कोण शिकवणार, असा तिचा सवाल होता. उलट बाजूने, वर्ण जुळत नाही म्हणून काळी मुले वर्षानुवर्षे प्रतीक्षेत राहतात, हेही खरे होते. त्यामुळे वर्णाच्या कारणावरून दत्तक देण्यास विलंब करू नये, असा कायदा १९९४ साली झाला. दोन्ही बाजूंत सत्याचा अंश आहे. मुलाला घराविना ठेवून कोणत्याच समाजाचे भले होत नाही. मात्र ‘आम्हाला रंग दिसतच नाही’ असे म्हणणारे आईबाप नकळत मुलाला एकटे पाडतात. कारण त्यांना न दिसणारा रंग शाळेला, शेजाऱ्याला आणि पोलिसाला स्पष्ट दिसत असतो. म्हणून अशा घराने वस्ती, शाळा, स्नेहीमंडळ यांत मुलाच्या समाजाची माणसे आणली पाहिजेत, आणि अपमानाविषयी घरात मोकळेपणाने बोलले पाहिजे.

तेथील आदिवासींची कहाणी अधिक दारुण आहे. १९७० च्या सुमारास झालेल्या पाहण्यांत असे आढळले, की त्यांची शेकडा २५ ते ३५ मुले कुटुंबांपासून तोडली गेली होती. अनेक ठिकाणी आईबापांचा अपराध एवढाच, की ते गरीब होते आणि त्यांची मुले वाढवण्याची रीत गोऱ्या अधिकाऱ्यांच्या रीतीहून निराळी होती. १९७८ च्या कायद्याने क्रम ठरवून दिला: आधी नातेवाईक, मग स्वतःची जमात, मग अन्य आदिवासी कुटुंब. २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. ऑस्ट्रेलियाच्या संसदेत मूळ रहिवाशांच्या पळवलेल्या पिढ्यांची माफी मागितली गेली ती २००८ साली. तोवर त्यांतील कित्येकांची हयात संपली होती.

भारतात १९५६ चा हिंदू दत्तक कायदा, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, अनुसूचित जमातींना लागू होत नाही. याचा अर्थ पाड्यांवर पोरकी मुले वाढली नाहीत असा नव्हे; आजी, मामा, काकाच्या घरी ती वाढतच आली. फक्त त्या मायेला सरकारी कागद नव्हता. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने धर्म वा जमातीचा अडसर न ठेवता दत्तकाची वाट दिली आहे. मूल सोपवणाऱ्या आईबापांना फेरविचारासाठी दोन महिने दिले आहेत, आणि मुलाच्या हिताआड येत नसेल तर त्याला स्वतःच्या कुटुंबात, पूर्वीच्याच सांस्कृतिक स्थितीत परत नेण्याचे तत्त्व मान्य केले आहे. १९९२ साली भारताने स्वीकारलेला बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करारही मुलाच्या वांशिक व भाषिक पार्श्वभूमीची बूज राखण्यास सांगतो.

तत्त्व उत्तम, पण तत्त्वाने चूल पेटत नाही. पावसाळा सरला की कामासाठी आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबात आई दगावली, तर म्हातारी आजी कोणाच्या आधारावर नातवंडे सांभाळणार? महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलांसाठी मदत आहे. २०२३ साली ती दरमहा २२५० रुपये झाली. हे दान नव्हे. संस्थेत मूल ठेवण्यासाठी शासन खर्च करतेच. तोच पैसा आजीच्या हाती वेळेवर पडला तर मूलही वाचते आणि घरही. तो रखडला, तर कालांतराने तेच मूल ‘निराधार’ म्हणून नोंदले जाते. दारिद्र्याने रिकामी केलेली कूस ही श्रीमंतांच्या पुण्याईची संधी ठरता कामा नये.

सगळे प्रयत्न करूनही काही मुलांना दुसऱ्या समाजाच्या घरी जावे लागेल. त्यात कमीपणा नाही. रक्ताच्या शुद्धतेचा आग्रह धरणे हे समाजवादाचे काम नव्हे. परंतु मुलाने घराशी जुळवून घ्यावे एवढे पुरेसे नाही, घरानेही मुलाशी जुळवून घेतले पाहिजे. त्याचा जन्म कोणत्या समाजातला, हे माहीत असेल ते त्याच्यापासून लपवू नये. दिवाणखान्यात वारली चित्र टांगणे सोपे आहे. जेवणाच्या पंगतीत आदिवासींना ‘जंगली’ म्हणणाऱ्या पाहुण्याला तेथल्या तेथे थांबवणे कठीण आहे. कसोटी या दुसऱ्या गोष्टीत आहे.

याच मुलखात त्याचा धडा गिरवला गेला आहे. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, असे पाहून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. दत्तक घेणाऱ्या घराने आणि शासनाने हेच करावयाचे आहे. आजीचे अनुदान कोठे अडले आहे, याची चौकशी पाड्यापाड्यांतील कार्यकर्त्यांनी हाती घ्यावी. या कामाचा आरंभ तेथूनच होतो.