सही करायच्या आधी खोकं उघडा

हातातलं काम चालू राहू द्या, भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल. आज आम्ही बँकेबद्दल बोलणार नाही, हप्त्याबद्दलही नाही. आज बोलायचंय ते घरात येणाऱ्या नव्या वस्तूबद्दल. फ्रिज, मिक्सर, घरघंटी. या वस्तू विकत घेणं आता सोपं झालंय. त्या धडपणे घरात येऊन चालू होणं मात्र फार अवघड आहे.

आमच्या गटांची जुनी कर्जाची रजिस्टरं काढून बघा. कर्ज कशासाठी, त्या रकान्यात पूर्वी काय असायचं? शेळी, बियाणं, दवाखाना, पोरीचं लग्न. आता त्याच रकान्यात मिक्सर, फ्रिज, घरघंटी दिसते. कोणी नाक मुरडतं, म्हणतं, बायकांना चैन सुचली. आम्हाला तसं वाटत नाही. उसाच्या फडातून आलेल्या बाईच्या मनगटाला पाट्या-वरवंट्यापासून सुटका मिळाली, तर ती चैन नाही. घरघंटीवर शेजारच्या चार घरांचं दळण निघालं, तर तो धंदा आहे. पण म्हणूनच त्या वस्तूत गेलेला रुपया बुडता कामा नये.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. गावाचं नाव नको, दुकानाचं नको, ताईचंही नको. आमच्याच एका गटातली ताई. नवरा-बायको दोघं दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेले, पाडव्याच्या सुमारास परत आले. मुकादमाची उचल फिटली आणि हातात थोडे पैसे उरले. दारात एक म्हैस. ताईच्या मनात होतं, एक फ्रिज घ्यायचा, दही-ताक थंड ठेवायचं आणि उन्हाळ्याचे दोन महिने फाट्यावर ताक विकायचं. गटातून दहा हजार कर्ज घेतलं, साडेपाच हजार घरचे घातले. जिल्ह्याच्या गावी जाऊन साडेपंधरा हजारांचा फ्रिज घेतला. दुकानदार म्हणाला, "ताई, काळजी करू नका. उद्या घरपोच. फिटिंग फुकट."

उद्याचे पाच दिवस झाले. रोज फोन केला की उत्तर यायचं, "गाडी निघालीच आहे." त्या पाच दिवसांत ताई कामाला गेली नाही, कारण गाडी आली आणि घरी कोणी नसलं तर? पाच दिवसांची मजुरी गेली, ती कुठल्याच बिलात दिसत नाही. सहाव्या दिवशी ती कामाला गेली आणि नेमका तेव्हाच टेम्पोवाल्याचा फोन आला, "फाट्यावर या, गाडी आत येत नाही."

बायांनो, सप्टेंबर २०२५ मध्ये बीडपर्यंत रेल्वे आली, आपल्या रायमोह्याला स्टेशन झालं. पण फाट्यापासून वस्तीपर्यंतचे दोन किलोमीटर अजूनही आपल्याच डोक्यावर आहेत! ताई धावत गेली. टेम्पोवाल्याने खोकं लिंबाखाली उतरवलं, कागद पुढे केला, म्हणाला, "इथं सही करा." तिने केली. उतरवायचे दोनशे रुपये मागितले, तेही दिले. मग गावातल्या एकाच्या जीपमध्ये फ्रिज आडवा टाकून घरी आणला.

संध्याकाळी खोकं उघडलं तर दाराच्या खालच्या कोपऱ्याला मोठा पोचा. दार नीट लागेना. रात्रभर चालू ठेवला, पण आतलं पाणी जसंच्या तसं कोमट.

आता पुढची फेरी ऐका. दुकानदार म्हणाला, "तुम्ही माल चांगला मिळाला म्हणून सही केलीय. जीपमध्ये तुम्हीच आदळला असेल." कंपनीच्या फोनवर एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा. माणूस भेटला तर म्हणाला, "मेकॅनिक तुमच्या भागात आठवड्यातून एकदाच येतो." मेकॅनिक दहाव्या दिवशी आला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "तुमच्याकडे व्होल्टेज कमी आहे." पुन्हा दुकानात गेलं तर, "बिल ज्यांच्या नावावर आहे त्यांना पाठवा." बिल नवऱ्याच्या नावावर, आणि नवरा तोवर पुण्याला बांधकामावर गेलेला.

घरात काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. सासू म्हणाली, "बाईच्या जातीनं एवढा पैसा हातात घेऊच नये." दीर हसला. उन्हाळा सरत होता, ताक रोज आंबत होतं, आणि गटाच्या बैठकीत ताई फ्रिजचा हप्ता भरत होती. दुसऱ्या हप्त्याला ती बैठकीत रडली, तेव्हा आम्हाला सगळं कळलं. खरं सांगतो, आम्हाला आमचीच लाज वाटली. कर्ज देताना आम्ही तिची परतफेड कशी होईल ते विचारलं होतं. वस्तू घरी कशी येईल, बिल कोणाच्या नावावर होईल, हे कोणीच विचारलं नव्हतं.

मग आम्ही बसलो आणि एकेक काम केलं. पोच्याचे, खोक्याचे, बिलाचे आणि फ्रिजच्या मागच्या नंबराच्या पट्टीचे फोटो काढले. तारखेनिशी सगळं एका कागदावर उतरवलं: कधी घेतला, कधी आला, कोणत्या दिवशी कोणाला फोन केला, तो काय म्हणाला. वायरमनला बोलावून मीटरवर व्होल्टेज बघून घेतलं, ते ठीक होतं. त्याच बोर्डावर शेजारणीचा फ्रिज लावून बघितला, तो तासाभरात गार झाला. हेही लिहिलं. मग १९१५ या नंबरवर फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तक्रारीचा नंबर मोबाईलवर आला. तो नंबर घालून दुकानदाराला लेखी अर्ज दिला आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. अर्जात शेवटी लिहिलं, पंधरा दिवसांत फ्रिज बदलून दिला नाही तर बीडच्या ग्राहक आयोगात जाऊ.

बाराव्या दिवशी नवा फ्रिज आला. या वेळी टेम्पो दारापर्यंत आला. रस्ता तोच होता, गाडीही तेवढीच मोठी होती.

आता या गोष्टीतून कायद्याचं काय ते सांगतो. आपला पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. त्याआधी, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं होतं. आता २०१९ चा नवा कायदा आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या चार गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा.

पहिली, बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुसरी, सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरायची. तिसरी, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वस्तू मुंबईच्या कंपनीची असो की फोनवरून मागवलेली, बीडच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. चौथी, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी आयोगाची फी नाही, आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. फोनवरून मागवलेल्या वस्तूंसाठी २०२० चे वेगळे नियम आहेत. त्यांत लिहिलंय की माल सदोष निघाला, दाखवला तसा नसला किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला, तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही.

पण बायांनो, आयोगाची पायरी चढायची वेळच येऊ नये. त्यासाठी दुकानात आणि दारात काय करायचं ते ऐका.

दुकानात बिल स्वतःच्या नावावर करा. हप्ता आपण भरणार, तर नावही आपलंच. बिलावर मॉडेल नंबर, तारीख आणि "घरपोच" या शब्दापुढे आपल्या वस्तीचं नाव लिहून घ्या. नुसतं "घरपोच" म्हणजे दुकानदाराच्या मनात फाटा असतो. फिटिंग फुकट असेल तर तेही लिहायला लावा. तोंडचा शब्द टेम्पोत बसून येत नाही. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख तिथेच घ्या. मिक्सरवर आयएसआय खूण बघा. फ्रिजवरच्या चांदण्या मोजा, जास्त चांदण्या म्हणजे विजेचं बिल कमी.

गाडी आली की घाई करू नका. सिलिंडर तोलून घ्यायला आपण शिकलोच ना? घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, हे आता आपल्या आत्याबाईंनाही पाठ आहे. तसंच इथे. आधी खोकं उघडा, चारी बाजूंनी बघा, मगच सही. गाडीवाला थांबायला तयार नसेल तर कागदावर सहीच्या वर लिहा, "खोकं न उघडता घेतलं." पोचा दिसला तर "दाराला पोचा आहे" असं लिहा आणि त्या कागदाचा फोटो काढा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराला हाक मारा, पण कोऱ्यावर अंगठा देऊ नका.

फ्रिज उभाच आणायचा. आडवा आणला तर मागच्या कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये शिरतं. नाइलाजाने आडवा आलाच, तर उभा करून काही तास तसाच ठेवा आणि मग चालू करा. तीन पिनांच्या प्लगची मधली पिन तोडू नका, अर्थिंग नसेल तर आधी वायरमनला बोलवा. आणि वस्तू नीट चालेपर्यंत खोकं चुलीत घालू नका. बदलून घ्यायची वेळ आली की तेच खोकं मागतात.

घरी म्हातारी माणसं असतात त्यांना एक गोष्ट समजावून ठेवा. आमच्या एका आत्याबाईंना फोन आला, "तुमच्या सुनेचा मिक्सर आलाय, मोबाईलवरचा नंबर सांगा." त्यांनी सांगितला. मोबाईलवर माल पोहोचल्याचा मेसेज आला, मिक्सर मात्र चार दिवसांनी उगवला. त्या चार दिवसांत सासू-सुनेचं बोलणं बंद! म्हणून वस्तू हातात आल्यावरच ओटीपी सांगायचा. आणि बँकेचा ओटीपी तर कोणालाच नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

एक गोष्ट टेम्पोवाल्याच्या बाजूनेही सांगायला हवी. तोही कोणाचा तरी लेक आहे. आमच्या त्या टेम्पोवाल्याला नंतर विचारलं, तर दुकानदाराने त्याला भाडं फाट्यापर्यंतचंच दिलेलं होतं. घरपोच पोहोचवण्याचा शब्द दुकानदाराने दिला आणि चालत न्यायचं ओझं टेम्पोवाल्यावर आणि आपल्यावर टाकलं. म्हणून त्याच्याशी भांडू नका, पाणी द्या. भांडायचं ते बिल हातात घेऊन, ज्याने शब्द दिला त्याच्याशी.

शेवटची गोष्ट. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच शिकवत आलीय: शेजारच्या घरांनी गट करायचा आणि महिन्याचं सामान एकत्र घ्यायचं. आपला गट तर आधीच आहे! एकटी बाई एक मिक्सर घ्यायला गेली तर दुकानदार तिच्याकडे बघतो न बघतो. सहा बायकांनी मिळून सहा वस्तू घेतल्या, तर टेम्पो एक, दिवस एक, मेकॅनिकची फेरी एक, आणि भावही खाली येतो. आमच्या गटात आता ठराव झालाय. वस्तूसाठी कर्ज मागणाऱ्या बाईसोबत दुकानात दुसरी एक बाई जाणार, आणि माल उतरताना कोणी तरी शेजारी उभी राहणार. रजिस्टरला एक रकाना वाढवलाय: वस्तू तपासून घेतली का?

त्या ताईने उरलेल्या उन्हाळ्यात फाट्यावर ताक विकलं. पहिल्या महिन्याचे पैसे बुडाले ते बुडालेच, ते काही परत आले नाहीत. पण परवा तिच्या सासूबाई आमच्या बैठकीला येऊन बसल्या. म्हणाल्या, "मलाबी घरघंटी घ्यायचीय. पण बिल माझ्या नावावर करा बरं का."

चला बायांनो, तव्यावरची भाकरी करपायच्या आत थांबतो. १९१५ हा नंबर भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. रामराम.