दहा अंकांची एक संख्या

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव, म्हणजे ४२९४९६७२९७, या संख्येविषयी आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे. दोनाचा बत्तिसावा घात करून त्यात एक मिळविला की ती सिद्ध होते. परंतु तिला भाग जातो की नाही, याचा निकाल लागण्यास ब्याण्णव वर्षे जावी लागली.

फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायसभेत अधिकारपदावर असलेला आणि फावल्या वेळी गणिताची उपासना करणारा पिएर द फर्मा याच्या ध्यानी असे आले की, दोनाचे पहिला, दुसरा, चौथा, आठवा व सोळावा हे घात घेऊन प्रत्येकात एक मिळविला असता येणाऱ्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाचही संख्या मूळ, म्हणजे एक आणि ती संख्या स्वतः यांखेरीज अन्य विभाजक नसलेल्या, आहेत. एवढ्या दाखल्यांवरून १६४० साली त्याने पत्राने कळविले की, ही मालिका पुढे कितीही नेली तरी तिच्यात मूळ संख्याच येत राहतील. मात्र सिद्धता आपल्यापाशी नाही, हेही त्याने मोकळेपणाने नमूद केले.

आपली संख्या या मालिकेत सहावी. तिची सरळ तपासणी करू म्हटले, तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या ६५४२ मूळ संख्यांनी तिला एकामागून एक भागून पाहावे लागेल. पीटर्सबर्गच्या अकादमीतील तरुण पंडित लेओनहार्ड ऑयलर याने १७३२ मध्ये दाखवून दिले की, ६४१ ने तिला निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७००४१७ येतो. तिचा कोणताही मूळ विभाजक चौसष्टाच्या पटीत एक मिळवूनच होणारा असला पाहिजे, हा नियमही त्याने पुढे सिद्ध केला. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे अवघ्या पाचव्या भागाकारालाच बाकी शून्य!

भागाकार न करताही हे पटविता येते. ६४० चा चतुर्थ घात ६४१ ने भागल्यास बाकी एक उरते; तो घात म्हणजे ६२५ आणि दोनाचा अठ्ठाविसावा घात यांचा गुणाकार. ६२५ ही ६४१ हून सोळाने उणी. म्हणून तिच्या जागी उणे सोळा घेतले, की दोनाच्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे एक ठरते, आणि त्यात एक मिळविताच शून्य.

पाच दाखले अनुकूल मिळाले म्हणून सहावाही तसाच निघेल, हे अनुमान फर्मासारख्या प्रतिभावंतालाही दगा देऊन गेले; आणि हजारो भागाकारांचे ओझे पाचांवर आले, ते संख्येचा स्वभाव ओळखल्यामुळे. म्हणून आपल्या शाळांतून भागाकार शिकविताना हे उदाहरण मुलांपुढे अवश्य ठेवावे, असे मला मनापासून वाटते. ६४१ ने भाग देणे त्यांना सहज साधेल. आणि हाच विभाजक कसा सुचला, असे त्यांच्यापैकी एकाने जरी विचारले, तरी शिक्षकाने त्या दिवशीचा उरलेला तास त्या प्रश्नालाच द्यावा.