पडद्यावरची मैत्री आणि आपल्या हातातली कात्री

भाकऱ्या थापता थापता ऐकलंत तरी चालेल, फक्त रेडिओचा आवाज जरा वाढवा.

बोईसरला आमच्या बचत गटाची बैठक संपली की तारापूर एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या मुली मोबाइलवर चिनी मालिका बघत बसतात. परवा एका मावशींनी विचारलं, “हे दोघे भाऊ का गं?” एक मुलगी म्हणाली, “मावशी, पुस्तकात त्यांचं एकमेकांवर प्रेम आहे. मालिकेत मात्र ते मित्र आहेत.”

ती मालिका ‘द अनटेम्ड’, २०१९ सालची, ५० भागांची. मूळ कादंबरी दोन पुरुषांच्या प्रेमाची आहे. पण चीनमध्ये टीव्हीवर असं प्रेम दाखवू देत नाहीत. २०१६ मध्ये ‘अ‍ॅडिक्टेड’ ही दोन मुलांच्या प्रेमाची मालिका संपायच्या आतच इंटरनेटवरून काढून टाकली. म्हणून ‘अनटेम्ड’मध्ये दोघे एकमेकांना फक्त जिवलग मानतात. एक जण दुसऱ्याची १६ वर्षं वाट बघतो. बघणाऱ्याला काय ते कळतं.

आपल्याकडेही हे नवीन नाही. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आलं. त्यातली सुमित्रा एका मुलीवर प्रेम करते. रोहिणी हट्टंगडींनी ती भूमिका केली होती. ‘फायर’ हा दोन जावांच्या प्रेमाचा सिनेमा तर सेन्सॉर बोर्डाने काहीही न कापता पास केला होता. तरी १९९८ च्या डिसेंबरात मुंबईत थिएटरची मोडतोड झाली, खेळ बंद पडले. म्हणजे कात्री फक्त सरकारच्याच हातात असते असं नाही.

आमच्याही हातात होती. आमच्या गटात दोघीजणी आहेत. कंपनीत कामाला जातात, एका खोलीत राहतात. कुणी विचारलं की आम्हीच सांगायचो, “मावसबहिणी आहेत.” त्यांना न विचारताच. आम्हाला वाटायचं, आम्ही त्यांना सांभाळून घेतोय.

मग पावसाळ्यात एकीला दवाखान्यात ठेवावं लागलं. “नातेवाईक कोण?” असं विचारलं, तर दुसरी गप्प. सही करायला गावाहून भाऊ येईपर्यंत संध्याकाळ झाली. त्या रात्री ती म्हणाली, “ताई, तुम्ही बहीण म्हणता ते तुमच्यापुरतं. कागदावर मी तिची कुणीच नाही.”

त्यानंतर आम्ही माहिती काढली. ६ सप्टेंबर २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने दोन सज्ञान माणसांचं असं नातं गुन्हा राहिलेलं नाही. लग्नाला मात्र कायद्याची मान्यता नाही. २०२३ मध्ये कोर्टाने ती दिली नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलं, की अशा जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी लावायला कसलीही आडकाठी नाही. रेशनकार्डासाठीही त्यांना एकाच घरातले धरावं, असं केंद्राने राज्यांना सांगितलं आहे.

आम्ही दोघींबरोबर बँकेत गेलो. संयुक्त खातं निघालं. फॉर्मवर नात्याचा रकाना आला तेव्हा आम्ही पेन त्यांच्याकडे दिलं. त्यांनी लिहिलं, ‘मैत्रीण’. या वेळी शब्द त्यांनी निवडला होता.

तुमच्याही गटात अशा कुणी असतील. पुढच्या बैठकीत सगळ्यांचेच नॉमिनी तपासा. कुणाचं नाव लावायचं ते जिचं खातं तिलाच विचारा. आणि ती जे नाव सांगेल, ते तसंच लिहा.